दूध पिते, मग जेवणार कधी?

प्रश्न : माझी मुलगी तीन वर्षांची आहे, वजन १२.६ किलो. जेवायला बसली की तोंड फिरवते. मोबाइल लावला तर चार घास जातात, नाहीतर आजी वाटी घेऊन घरभर तिच्या मागे फिरतात. दूध मात्र आवडीने पिते. दिवसा तीन आणि रात्री एक, अशा २४० मिलीच्या चार बाटल्या, प्रत्येकीत दोन चमचे चॉकलेटची पावडर. जेवत नाही तर निदान दूध तरी पोटात जातंय, या विचाराने मी कधी अडवलं नाही. गेल्या आठवड्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.४ निघालं. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलंय, ते ती थुंकून टाकते. मोठा मुलगा आठ वर्षांचा. शाळेतून आला की बिस्किटं आणि पाकिटातला ज्यूस, आणि रात्री ताटातली भाजी बाजूला काढून ठेवतो. आम्ही अंडी खातो, मांस-मासे नाही. बीट, खजूर, पालक सगळं करून पाहिलं. आमचं नेमकं कुठे चुकतंय?

उत्तर :

ताई, तुमच्या मुलीला भूक लागते. तुमच्या घरी ती भूक ताटापर्यंत पोहोचायच्या आधीच भागलेली असते, एवढंच. आधी हिशेब मांडू, म्हणजे पुढे काय करायचं ते आपोआप दिसेल.

चार बाटल्या म्हणजे ९६० मिली दूध. साय न काढलेल्या एवढ्या दुधातून साधारण ६०० कॅलरी मिळतात. आठ चमचे पावडर म्हणजे अंदाजे ४० ग्रॅम, त्यातून आणखी दीडशेच्या आसपास. तीन वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज असते हजार ते बाराशे. म्हणजे दोन तृतीयांश पोट बाटलीनेच भरलं. उरलेल्या तीन-चारशे कॅलरीत तिने तीन वेळा जेवावं अशी आपली अपेक्षा आहे. ती जेवत नाही यात तिचा हट्ट फारसा नाही.

आता लोहाचा हिशेब. या वयात दिवसाला ७ ते ८ मिलिग्रॅम लोह अन्नातून मिळायला हवं. लीटरभर दुधात ते जेमतेम अर्ध्या मिलिग्रॅमच्या घरात असतं. त्यात दुधातलं कॅल्शियम आणि केसिन हे प्रथिन जेवणातल्या लोहाचं शोषणही कमी करतात. म्हणून दूध भरपूर पिणारी, वजनाने व्यवस्थित दिसणारी मुलं आतून फिकट होत जातात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या मुलीचं १२.६ किलो वजन वाढीच्या तक्त्यावर ठीकच आहे. पण वजन कॅलरींनी वाढतं आणि रक्ताला लोह लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने दोन ते पाच वर्षांच्या मुलाचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं तर तो रक्तक्षय. ९.४ हे घाबरून जाण्याचं नसलं तरी अंगावर काढण्याचंही नाही. लोहाची कमतरता लांबली तर मूल चिडचिडं होतं, लवकर थकतं, शिकण्यावर परिणाम होतो आणि भूक आणखी मरते. माती, खडू, बर्फ खाण्याची ओढ दिसत असेल तर तीही याचीच खूण असू शकते. डॉक्टरांना जरूर सांगा.

म्हणून पहिलं काम दुधाचं. दूध बंद करायचं नाही, ३५० ते ४०० मिलीवर आणायचं. त्यातून चारशे-साडेचारशे मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. या वयाची गरज पाचशे ते सातशे धरली जाते. उरलेलं दही, तीळ, डाळी, भाज्यांतून येतं. या वयात पाचशे मिलीच्या वर जायचं कारण नाही.

कमी करण्याची रीत अशी. दिवसाच्या तीन बाटल्यांपैकी जेवणाच्या आधी येणारी बाटली पहिल्याच दिवशी काढा, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिचं आहे. दोन दिवसांनी दिवसाची बाटली कायमची बंद आणि दूध पेल्यात. पेल्यातून मुलं आपोआप कमी पितात, कारण बाटलीत भुकेइतकाच चोखण्याचा दिलासाही असतो. पेला छोटा घ्या, दीडशे ते दोनशे मिलीचा, म्हणजे भरून दिल्यासारखं वाटतं. रात्रीची बाटली एकदम काढू नका. दर दोन-तीन रात्रींनी ३० मिली कमी करा : २४०, मग २१०, मग १८०. ६० पर्यंत आलात की पाणी द्या. साधारण अडीच-तीन आठवडे लागतील. मधल्या दोन-चार रात्री ती रडेल, उठून बसेल. तिला जवळ घ्या, थोपटा, पाणी द्या, पण कमी केलेलं परत वाढवू नका. चौथ्या रात्री हात बाटलीकडे गेला तर आधीच्या तीन रात्रींचं रडणं फुकट जातं आणि जास्त रडलं की मिळतं हे तिला कळतं. दातांसाठीही हे करायलाच हवं आहे. झोपेत लाळ कमी सुटते, गोड दूध दातांवर तसंच राहतं आणि वरचे पुढचे दात आधी किडतात.

पावडर पूर्ण थांबवा. डब्यामागची घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या दोन-तीन नावांत साखर असेल तर तो खाऊ आहे, पोषण नाही. शंभर ग्रॅममागे साखर किती हेही छापलेलं असतं. समजा ३५ ग्रॅम आहे, तर तिच्या ४० ग्रॅम पावडरीतून १४ ग्रॅम साखर गेली, म्हणजे साडेतीन चमचे, रोज. एकदम साधं दूध ती नाकारेल. दोन चमच्यांचा दीड, मग एक, मग अर्धा, असं दहा दिवसांत खाली आणा. या पावडरींत लोह घातलेलं असतं असा एक युक्तिवाद ऐकू येतो. ते दुधातूनच द्यायचं असल्यामुळे शरीराला त्याचा पुरेसा उपयोग होत नाही.

दूध मागे हटलं की भूक दिसायला लागेल, पण लगेच नाही. चार-पाच दिवस ती दूधही कमी पिईल आणि जेवणारही कमी. याच दिवसांत बहुतेक घरांचा धीर सुटतो आणि बाटलीची जागा बिस्किटं घेतात. मग दूध कमी होतं, जेवण वाढत नाही आणि सगळे म्हणतात, काही उपयोग झाला नाही. या दिवसांत दोन खाण्यांच्या मधे फक्त पाणी.

वेळा साधारण अशा ठेवा. सकाळी आठला न्याहारी, साडेदहाला छोटं खाणं, एकला जेवण, साडेचारला छोटं खाणं, साडेसातला रात्रीचं जेवण. दूध साडेदहा आणि साडेचारच्या खाण्याबरोबर, म्हणजे ते मुख्य जेवणापासून दोन-अडीच तास लांब राहतं. जेवणाला वीस ते तीस मिनिटं पुरतात. तेवढ्यात खाल्लं तर खाल्लं, नाहीतर शांतपणे ताट उचलायचं आणि पुढच्या वेळेची वाट पाहायची. जेवणावरून उठली म्हणून अर्ध्या तासाने वेगळा पदार्थ करून देणं, हीच सवय मुलांना ताट नाकारायला शिकवते.

ताटाबद्दल एक गोष्ट अगदी जवळून पाहा. मोठ्यांच्या मापाने वाढलेलं ताट तीन वर्षांच्या मुलाला डोंगरासारखं दिसतं. या वयासाठी सोपं माप आहे : प्रत्येक पदार्थ वयाच्या प्रत्येक वर्षामागे एक मोठा चमचा, म्हणजे जेवणाचा १५ मिलीचा. तिच्यासाठी तीन चमचे भात, तीन चमचे डाळ, एक किंवा दोन चमचे भाजी (नवी असेल तर अर्धाच), एक चमचा दही. एवढंच वाढा. संपलं आणि मागितलं तर पुन्हा. ताटात रोज निदान एक पदार्थ असा हवा जो ती नक्की खाते, म्हणजे ताट पाहूनच ती बिथरत नाही. भाजी डाळीत कालवू नका, वेगळी ठेवा. पदार्थ एकमेकांत मिसळले की या वयाची मुलं बावरतात. तिने भाजीला नुसतं बोट लावलं, वास घेतला, जिभेला लावून परत काढली, तरी तो दिवस फुकट गेला असं समजू नका. नवी चव स्वीकारायला मुलांना आठ-दहा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते, आणि आपण बहुधा तिसऱ्या-चौथ्या वेळी ‘हिला हे आवडत नाही’ असं जाहीर करून टाकतो. ते तिच्यासमोर तर कधीच बोलू नका.

कामाची वाटणी ठरवून घ्या. काय रांधायचं, किती वाजता आणि कुठे बसून खायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. समोर आलेल्यातलं काय खायचं आणि किती, हे तिने. या दुसऱ्या भागात हात घातला की जेवण म्हणजे रोजची ओढाताण होते. एका जेवणाला ती दोनच घास खाईल, दुसऱ्या दिवशी तीन वेळा मागेल. हिशेब आठवड्याचा धरा. आणि हेही लक्षात ठेवा की पहिल्या वर्षात बाळाचं वजन तिप्पट होतं, तर या वयात वर्षाला जेमतेम दोन किलो वाढतं. बाळपणीइतकी भूक आता असणारच नाही.

मोबाइलचं काय? तो बंद करायचा आहेच, पण दुधाबरोबर त्याच दिवशी नको. दोन्ही काढून घेतले तर मूल नुसतं भांडतं आणि कशाचा काय परिणाम झाला ते आपल्यालाही कळत नाही. दूध कमी होऊन एक आठवडा झाला की मोबाइल आधी न्याहारीला थांबवा, तीन दिवसांनी दुपारी, मग रात्री. पडद्याकडे पाहत खाणाऱ्या मुलाला तोंडात काय आलं हेच कळत नाही. चव ओळखीची होत नाही आणि पोट भरल्याची जाणीवही दबते. मोबाइलवर गेलेले ते चार घास तिला जेवायला शिकवत नाहीत. मोबाइल बंद झाल्यावर तीन-चार दिवस खाणं घटेल, ते धरूनच चाला. आणि नियम मोठ्यांनाही लागू. ताटाशेजारी कुणाचाच फोन नको.

आजींना दोष देऊ नका. नात उपाशी राहील या काळजीनेच त्या वाटी घेऊन फिरतात. त्यांना ‘भरवू नका’ एवढंच सांगितलं तर त्यांच्या हातातलं कामच गेलं. त्याऐवजी त्यांनी तिच्या शेजारी बसून तेच जेवण आपल्या ताटात घ्यावं आणि चवीने खावं. मुलं सांगून शिकत नाहीत, बघून खातात. पळत-खेळत भरवण्यात घास घशात अडकण्याचा धोकाही असतो. अख्खे शेंगदाणे, काजू, पॉपकॉर्न पाच वर्षांपर्यंत नकोच, दाण्याचा कूट चालेल. अख्खी द्राक्षंही नकोत, ती लांबीत चिरून चार फोडी करून द्या.

आता लोह. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं हा समज घरोघरी आहे, पण १०० ग्रॅम बिटात १ मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. खजुरात तेवढंच, १ च्या आसपास, आणि साखर भरपूर. पालकात कागदावर पावणेतीन मिलिग्रॅम आहे, पण त्यातलं फार थोडं अंगी लागतं. हे खाऊ नये असं नाही, भरवसा त्यांच्यावर ठेवू नये. खरी भिस्त डाळी-कडधान्यांवर ठेवा : शिजलेल्या मसुरात १०० ग्रॅममागे सव्वातीन मिलिग्रॅम, शिजलेल्या छोल्यांत जवळजवळ ३. एका अंड्यात १ च्या थोडं खाली. भाजलेल्या तिळाचा कूट एक मोठा चमचा म्हणजे सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास. तो भातावर, डाळीत, दह्यात कुठेही जातो.

वनस्पतींतलं लोह शरीर सहज घेत नाही, त्याला मदत लागते, आणि ही मदत फुकटात होण्यासारखी आहे. कडधान्यं आठ-दहा तास भिजवा, ते पाणी टाकून द्या, जमेल तेव्हा मोड आणा. त्याने लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं. आणि त्याच जेवणात क जीवनसत्त्व हवं : वाढलेल्या डाळीवर अर्धं लिंबू, कच्च्या टोमॅटोच्या फोडी, किंवा जेवणानंतर संत्र्याच्या चार फोडी. लिंबू शिजताना घालू नका, उष्णतेने क जीवनसत्त्व नष्ट होतं. चहा-कॉफी मुलांना नकोच, त्यातलं टॅनिन नेमकं उलटं काम करतं.

पण ९.४ वरून ११ च्या वर केवळ ताटातून लवकर पोहोचता येणार नाही. औषध लागेलच. डॉक्टरांनी सांगितलेलं माप बदलू नका. सकाळी उठल्यावर, न्याहारीच्या तासभर आधी, रिकाम्या पोटी द्या, साध्या पाण्याबरोबर किंवा दोन-तीन चमचे संत्र्याच्या रसाबरोबर. दुधात कालवून देणं ही सगळ्यात सामान्य चूक, त्याने औषधाचा मोठा भाग वाया जातो. ते दुधानंतर दोन तास तरी नको. रिकाम्या पोटी मळमळ झाली तर दोन घास खाऊन द्या, फक्त त्या खाण्यात दूध-दही नको.

थुंकण्यावर उपाय : चमच्याऐवजी सुई नसलेली सिरिंज घ्या. तिला बसवा, आडवं करू नका. सिरिंज गालाच्या आत, मागच्या दाढांच्या दिशेने ठेवा आणि थोडं थोडं सोडा, प्रत्येक वेळी गिळू द्या. जिभेवर टाकलं की चव लागते आणि ते बाहेर येतं. एकदम घशात मारलं की ठसका लागतो. नाक दाबून पाजू नका. लगेच पाणी द्या आणि दात पुसा, कारण या औषधाचे काळे डाग दातांवर बसतात. ते वरवरचे असतात, निघतात. शी काळपट होईल, त्याला घाबरू नका. तरीही थुंकत राहिली तर डॉक्टरांशी बोला, वेगळ्या चवीचं किंवा जास्त तीव्रतेचं, म्हणजे कमी मिलीत भागणारं औषध देता येतं. न सांगता सोडून देऊ नका.

बद्धकोष्ठ आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण एवढं दूध आणि एवढं कमी जेवण असलं की बहुधा असतंच, आणि लोहाने ते वाढू शकतं. कडक शी अडकलेलं मूल जेवत नाही. पाणी, फळं सालासकट, कडधान्यं. आठवड्याने फरक नसेल तर डॉक्टर.

मुलाविषयी थोडक्यात, कारण त्याचं गणित सोपं आहे. शाळेतून येतो तेव्हा त्याला खाऊ नको असतो, जेवणाइतकीच भूक असते. त्या वेळी बिस्किटं समोर आली तर तो तीच खाणार. २०० मिलीच्या ज्यूसच्या पाकिटात साधारण २० ते २४ ग्रॅम साखर असते. वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून रोजच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि शक्य तर पाच टक्क्यांच्या आत असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं. त्याच्या वयाला ते पाच टक्के म्हणजे २० ग्रॅम. ते एका पाकिटातच संपतात. ज्यूसऐवजी अख्खं फळ, आणि साडेचारला भरीव काहीतरी : उकडलेलं अंडं, मोड आलेल्या कडधान्याची वाटी, दही-भात. बिस्किटं लपवून ठेवू नका, घरात आणूच नका. असलेली नाकारणं आठ वर्षांच्या मुलाला फार अवघड जातं.

भाजी तो वेगळी काढतो तर काढू द्या, पण वाढत राहा. मुलांना कडू चव मोठ्यांपेक्षा तीव्र लागते आणि पाण्यात गाळ होईपर्यंत उकडलेली भाजी वासाने आणखी नकोशी होते. थोड्या तेलावर, मोठ्या आचेवर, किंचित करकरीत राहील अशी परता. गाजर, फरसबी, फ्लॉवर यांना हा उपाय लागू पडतो. ‘आज गाजर करू की फरसबी?’ असं त्यालाच विचारा, चिरायला घ्या. ‘भाजी संपव, मग गोड देते’ हा सौदा मात्र बंद. त्यातून मुलाला एवढंच कळतं की भाजी ही शिक्षा आहे आणि गोड हे बक्षीस. भाजी वाटून पिठात लपवणं अडीनडीला ठीक, पण लपवलेली भाजी मूल ओळखायला शिकत नाही. म्हणून दिसणारी भाजीही त्याच ताटात हवी.

चार आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासा. औषध खरंच पोटात गेलं असेल तर हिमोग्लोबिन निदान एकाने वाढून साडेदहाच्या आसपास दिसायला हवं. औषध नीट देऊनही हललं नसेल तर कारण दुसरं असू शकतं : जंत, शोषणाचा विकार, थॅलेसेमियाचा वाहक असणं. ते डॉक्टर तपासतील. ११ च्या वर गेलं म्हणून औषध थांबवू नका. रक्त भरलं तरी शरीरातला साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात, आणि मधेच सोडलेल्या मुलांत आकडा पुन्हा घसरतो. त्याआधीच डॉक्टरांकडे जायचं ते अशा वेळी : वजन उतरू लागलं, थोडं खेळून धाप लागली, शीतून रक्त गेलं, घास गिळताना वारंवार ठसका लागतो, किंवा ती मोजून दहा-पंधराच पदार्थ खाते आणि तेही एकेक करून सोडते आहे.

आणि औषधाची बाटली आजच उंच कपाटात, कुलपात ठेवा. गोड चवीचं लोहाचं औषध मुलं एकदम पिऊन टाकतात आणि ते विषासारखं ठरू शकतं. असं झाल्याची शंका जरी आली तरी उलटी होण्याची वाट पाहू नका, बाटली बरोबर घेऊन थेट दवाखान्यात जा.